विटा फोडायचा दिवस

आमच्या घरात नवं जोडपं आलं की दुसऱ्या दिवशी त्यांना विटा फोडायला बसवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, घराचं काहीतरी काम निघालं असेल आणि नव्या सुनेलाच जुंपलं असेल. माझ्या लग्नानंतर मी बदलापूरला माहेरी गेले आणि आईला म्हटलं, "काल आम्ही दोघांनी विटा फोडल्या," तेव्हा ती माऊली रडायलाच लागली होती.

विटा खऱ्या नाहीत. एक जुना व्हिडिओ गेम आहे, दोन्ही हातांत धरून खेळायचा, करड्या रंगाचा, लहान मुलाच्या पाटीएवढासुद्धा नाही. पडद्यावर वरच्या बाजूला विटांच्या रांगा, खाली एक आडवी फळी आणि मधे उड्या मारणारा चेंडू. फळी डावी-उजवीकडे सरकवायची, चेंडू खाली पडू द्यायचा नाही आणि त्यानं वरच्या विटा फोडत राहायच्या. बस. मारामारी नाही, गाड्या नाहीत, रंगसुद्धा नाहीत. सगळं शेवाळासारखं हिरवट. आत्ताच्या पोरांना दाखवलं तर ती विचारतात, "पुढे काय होतं?" पुढे काही होत नाही. एक भिंत फुटली की दुसरी येते.

आमच्या घरातला नियम असा की नवरा-बायकोनं एकेक डाव खेळायचा. ज्याचे गुण जास्त, त्यानं एक मागणी करायची आणि ती घरानं मान्य करायची. वाद नाही, 'नंतर बघू' नाही, रुसणं-फुगणं नाही.

हे सुरू झालं माझ्या लग्नापासून. आमचं घर उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. खाली जीन्सचा कारखाना आणि वर आम्ही. माझे सासरे शंकरराव अंबरनाथला एका कंपनीत फिटर होते आणि युनियनचे पुढारी. माणूस तत्त्वाचा. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, अर्ध्या तासात आटपलं आणि पाहुण्या बायकांचं मन काही भरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परात काढली, त्यात हळदीचं पाणी ओतलं आणि अंगठी टाकली. नवरा-बायकोनं पाण्यात हात घालून ती शोधायची, जो शोधेल त्याचं राज्य. सासरे आतून आले आणि म्हणाले, "परात उचला. आपण हे सोडलंय."

बायकांची तोंडं उतरली. एक चुलत सासूबाई तर पिशवी उचलून निघायच्या बेतात होत्या. तेव्हा माझ्या सासूबाई, अंजनाबाई, पदर खोचून पुढे झाल्या. "मग ह्या दोघांना बसवू तरी कशावर? नुसतं एकमेकांकडे बघत बसवू?" माझा धाकटा दीर नरेंद्र कोपऱ्यात हा गेम खेळत होता. शेजारच्या जयदेवशेठनं परदेशातून आणलेला, सासऱ्यांनी त्याच्या दुकानाचं शटर बसवून दिलं म्हणून कौतुकानं दिलेला. सासूबाईंनी तो पोराच्या हातातून हिसकावला आणि आमच्या पुढ्यात ठेवला. "ह्याच्यावर खेळा."

सासऱ्यांनी चष्मा लावून गेम उलटासुलटा करून पाहिला. हरकत घ्यायला काहीतरी शोधत होते, पण त्यात ना हळद होती, ना कुंकू, ना देव. शेवटी म्हणाले, "खेळा."

मी त्याआधी असला गेम हातातसुद्धा धरला नव्हता. ह्यांनी, म्हणजे बुद्धभूषण यांनी, नरेंद्रकडून हिसकावून हिसकावून चांगला हात बसवलेला. तरी मी जिंकले. कशी जिंकले, यावर आमच्यात आजही वाद होतो, कारण गेम बंद केला की त्यातले गुण पुसले जातात आणि मग ज्याच्या तोंडाला जोर त्याचे गुण जास्त. आमच्या घरात तोंडाचा जोर कुणाला आहे ते सांगायला नको.

जिंकल्यावर सगळ्या बायका म्हणाल्या, माग, साडी माग, कानातलं माग. मी मान खाली घालून म्हटलं, "आतल्या खोलीला दार पाहिजे. आतून कडी लागेल असं."

तेव्हा घरात आम्ही आठ माणसं होतो आणि आतल्या खोलीला नुसता फुलाफुलांचा पडदा होता. पंखा लावला की तो उडायचा. माझी मागणी ऐकून कुणी हसलं, कुणी तोंडावर पदर धरला, आणि त्याच चुलत सासूबाई म्हणाल्या, "आल्या आल्या दार मागते गं बाई!" मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण सासरे उठून उभे राहिले आणि युनियनच्या मीटिंगमध्ये म्हणावं तसं म्हणाले, "मागणी रास्त आहे. मागणी मान्य."

आठवड्याच्या आत त्यांनी स्वतः दार बसवलं. हिरव्या रंगाचं, जरा जाडच. पावसाळ्यात फुगून फरशीला घासायचं आणि मग सासरे रंधा घेऊन बसायचे. कडी मात्र अशी बसवली की आजवर ढिली झालेली नाही. एवढ्या वर्षांत मी त्या दाराआड रडले, भांडले, बाळंतपणाचा शेक घेतला, सासूबाईंच्या नावानं बोटं मोडली, आणि कडी काढून बाहेर आले की पुन्हा घरातली सून झाले. सासऱ्यांवर माझा जीव होता तो त्या दारामुळे. तोंडावर कधी सांगितलं नाही, पण त्यांना कळत असावं.

नरेंद्रच्या लग्नातही विटा फुटल्या. त्याची बायको स्वप्नाली जिंकली आणि तिनं मागितलं, "मी माहेरचं नाव बदलणार नाही." मागणी मान्य. अशी आमची प्रथा पडली. सासरे गेले, पण प्रथा राहिली आणि तो गेमही राहिला. त्याचं सेलवरचं झाकण कधीच हरवलं. खालच्या कारखान्यातल्या जीन्सच्या कमरपट्ट्याचा तुकडा गुंडाळून, त्याचंच पितळी बटण लावून आम्ही सेल आत दाबून ठेवतो. पडद्यावरचा उजवीकडचा एक उभा पट्टा मेलाय. चेंडू तिथं गेला की दिसेनासा होतो आणि पलीकडून अचानक बाहेर येतो. परका माणूस तिथं हमखास फसतो. आमच्या घरातल्या माणसाला मात्र तो कुठून बाहेर येणार ते पाठ असतं. आणि सगळ्यांत जास्त पाठ मला आहे. मी खालच्याच कारखान्यात चेकिंगला बसते, तयार पँटीचे सुटलेले धागे शोधून कापते. माझ्या डोळ्याला आणि अंगठ्याला तोड नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आता माझ्याच मुलाचं, अक्षयचं, लग्न ठरलं.

मुलगी सुरुची अंबरनाथची, ठाण्याला बँकेत. हसरी, बोलायला गोड, पोहे मात्र कोरडे करते. मला ती आवडली होती. पण दोघांनी मिळून अंबरनाथच्या पुढे चिखलोलीला फ्लॅट बुक केला आणि मी सावध झाले. अक्षय म्हणाला, "अगं आई, इन्व्हेस्टमेंट आहे. स्टेशन होणार आहे तिथे." मी म्हटलं, होऊ दे. मग एक दिवस सुरुची आमच्याकडे आली असताना जिन्यात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "हो गं, किचन मस्त आहे. आणि गॅलरीतून डोंगर दिसतो." इन्व्हेस्टमेंटच्या गॅलरीतून डोंगर कोण बघतं? मला कळायचं ते कळलं. ही पोरगी विटा फोडायच्या दिवशी जिंकणार आणि सगळ्यांसमोर मागणार, 'आम्ही चिखलोलीला राहू.' आणि नियमाप्रमाणे आम्हाला मान डोलवावी लागणार.

मला माझा मुलगा घरात हवा होता. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजतात, येताच भांड्यांवरची झाकणं उचलून बघतो, आजीच्या गालाला हात लावतो. हे सगळं उचलून चिखलोलीला न्यायचं आणि मी इथं झाकलेली भांडी बघत बसायचं, हे मला सोसणार नव्हतं.

म्हणून मी आतली खोली त्यांना द्यायचं ठरवलं. हो, माझी दाराची खोली. ती रंगवून घेतली, माझं कपाट रिकामं केलं, नवी गादी आणली. सासूबाई बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. त्यांच्या बाजूला खाली गादी टाकून आम्ही दोघं झोपणार होतो. आत रंगाचं काम चालू असताना तसेच झोपलोही. माझ्या कंबरेनं गेल्या वर्षापासून असहकार पुकारलाय. डॉक्टरांनी पट्टा दिलाय आणि खाली झोपू नका म्हणून बजावलंय. सकाळी उठताना मला दिवाणाचा पाय धरावा लागायचा, मग भिंत, मग खुर्ची. मी सगळ्यांच्या आधी उठत होते, म्हणून कुणी बघितलं नाही असं मला वाटत होतं.

मग मी अक्षयला तयार करायला घेतलं. मोबाईलवर बोट घासून खेळणारी पिढी! त्याच्या हातात बटणाचा गेम म्हणजे माझ्या हातात क्रिकेटची बॅट.

"आई, यार, हा बॉल गायब कुठे होतो? हँग होतोय काय?"

"हँग-बिंग काही नाही. तिथं पट्टा मेलाय. तू चेंडू बघत बसू नको. तो गेला की फळी आधीच पुढे नेऊन ठेव."

"पुढे म्हणजे कुठे?"

"जिथं येईल तिथं!"

आठवडाभर रोज संध्याकाळी खटपट केली. मी त्याला माझी खास युक्तीही शिकवली, जी मी ह्यांनासुद्धा कधी सांगितली नाही. सगळ्या विटांवर मारत बसायचं नाही. डाव्या कोपऱ्यात एकाच जागी मारत राहायचं, तिथं बोळ पाडायचा आणि चेंडू त्या बोळातून वर घुसवायचा. एकदा तो विटांच्या वर गेला की आपोआप वरच्या वर आपटत राहतो आणि मागच्या बाजूनं विटा फोडत सुटतो. आपण फक्त फळी धरून बघत बसायचं. अक्षयला ते जमलं त्या दिवशी तो दिवाणावर चढून नाचला.

"आता ऐक," मी म्हटलं. "जिंकलास की मागायचं काय? आम्ही दोघं इथंच राहणार, वेगळं राहायचं नाव काढायचं नाही. कळलं?"

"बघू गं."

"बघू काय? मी शिकवलंय."

"हो, आई. तूच शिकवलंयस," तो म्हणाला आणि माझ्या गळ्यात हात टाकला. मला वाटलं, ठरलं.

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नरेंद्र-स्वप्नाली आले होते, सुरुचीची मावशी आली होती, जयदेवशेठ काठी टेकत जिना चढून आले होते. "आपला माल आहे, बघायला तर पायजे," असं त्यांचं म्हणणं. खालच्या कारखान्याच्या मशीन सुट्टीमुळे बंद होत्या आणि घरात गेमचा टुक टुक आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

सासूबाईंनी गेम पदरानं पुसला आणि सगळ्यांकडे बघितलं. "मान्य करायचं ते आमचे साहेब करायचे. ते नाहीत. मी म्हातारी झाले, माझ्या लक्षात राहत नाही काय मान्य केलं आणि काय नाही. आजपासून मागणी मान्य करायचा मान भावनाचा."

मला भरून आलं. मी सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं आणि पदर सारखा केला. म्हटलं, बघा, तुमची सून कुठपर्यंत आली.

आधी अक्षय खेळला. पहिला चेंडू त्यानं घाईत घालवला तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. दुसऱ्याला मात्र त्यानं शिकवल्याप्रमाणे डावा कोपरा धरला. एक वीट, तिच्या मागची वीट, तिच्या मागची. बोळ पडला. चेंडू वर घुसला आणि टुकटुकटुकटुक असा जो सुटला की नरेंद्र ओरडला, "वहिनी, ही तर तुमची चाल!" मी भोळा चेहरा करून छताकडे बघितलं. डाव संपला तेव्हा गुण एवढे झाले होते की ह्यांनी शिट्टी मारली.

मग सुरुची बसली. मांडी घालून, बांगड्या वर सारून. मी समोरच बसले, मुद्दाम. म्हटलं, मेलेल्या पट्ट्यावर पोरगी फसणार.

चेंडू मेलेल्या पट्ट्यात शिरला. सुरुचीनं पापणीसुद्धा हलवली नाही. फळी आधीच पुढे नेऊन ठेवली आणि चेंडू बाहेर आला तो बरोबर तिच्या फळीवर.

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई अतिशय लक्षपूर्वक पंखा बघत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्नाआधी सुरुची आली की ह्या तिला 'जुन्या साड्या दाखवते' म्हणून आत घेऊन जायच्या आणि तासभर दार लावून बसायच्या. माझ्याच दाराला, माझीच कडी लावून!

सुरुची सुंदर खेळली. हे मी मान्य करते, त्या वेळी मनात तळपायाची आग मस्तकात जात होती तरी. तिनं कोपरा-बिपरा काही धरला नाही. शांतपणे, रांगेनं, एकेक वीट वेचत गेली, तांदूळ निवडावेत तशी. शेवटचा चेंडू उरला तेव्हा ती अक्षयच्या मागे जेमतेम तीन-चार विटा होती. सगळे पुढे सरकले. जयदेवशेठ काठीवर हनुवटी टेकून श्वास धरून बसले. मी मनातल्या मनात म्हणत होते, पड रे बाबा, पड, पड.

चेंडू खाली आला. सरळ, सावकाश, मधोमध. लहान मुलानंही झेलला असता असा. फळी अगदी जवळच होती. आणि मी बघितलं, कारण मला असलंच दिसतं. सुरुचीनं बटणावरचा अंगठा उचलला होता.

चेंडू पडला. नरेंद्रनं अक्षयला उचलून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या, पण त्या उचललेल्या अंगठ्याचं काही मला उमगेना.

"माग रे," ह्यांनी म्हटलं.

अक्षय उभा राहिला. आजोबांच्या फोटोकडे बघून त्यानं घसा साफ केला. मी डोळ्यांनीच त्याला खुणावलं, बोल, शिकवल्याप्रमाणे बोल.

"माझी मागणी," तो म्हणाला, "आईनं आणि पप्पांनी आतली खोली सोडायची नाही. कुणासाठी पण नाही. आमच्यासाठी तर नाहीच."

मला आधी कळलंच नाही. "मग तुम्ही झोपणार कुठं?" मी विचारलं.

"चिखलोलीला."

"हे मागायला शिकवलं होतं का मी तुला?" माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं आणि सगळं घर फिस्सकन हसलं. सुरुचीची मावशीसुद्धा. माझं सगळं कारस्थान माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

अक्षय हसला नाही. माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "आई, रंगकाम चालू होतं ना, तेव्हा मी रोज जागा असायचो. तू दिवाणाचा पाय धरून उठायचीस. मग भिंत. मग खुर्ची. एक दिवस तर तुला उठताच येईना, तू तशीच गुडघ्यावर बसून राहिलीस. मी झोपेचं सोंग घेऊन बघत होतो. मी हात दिला असता तर तू म्हणाली असतीस, काय झालंय मला. म्हणालीच असतीस. आणि आम्ही आत कडी लावून झोपायचं? तुझ्या दाराला?"

मला राग आला होता, खूप राग. एवढं पोर वाढवलं, अंगठा धरून धरून बटण दाबायला शिकवलं आणि माझ्याच युक्तीनं मला हरवलं. आणि त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी एवढं भरून येत होतं की मला वर बघवेना.

सगळे थांबले होते. कशासाठी थांबलेत ते माझ्या लक्षातच येईना. मग सासूबाई म्हणाल्या, "भावना, बोल ना. मान तुझा आहे."

दोनच शब्द. सासरे कसे सहज म्हणायचे. मी नाही म्हटलं असतं तर? नियम मोडला असता, आणि नियम मोडला असता तर माझं दारही खोटं ठरलं असतं. "मागणी," मी म्हटलं आणि तिथंच थांबले. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला नाही. "मागणी मान्य."

टाळ्या वाजल्या. मी उठले, म्हणजे उठायला गेले, आणि अक्षयनं हात पुढे केला. ह्या वेळी मी तो धरला.

नंतर सगळे जेवायला बसले तेव्हा मी ओट्यापाशी कोशिंबीर कालवत होते. सुरुची येऊन बाजूला उभी राहिली. मी तिच्याकडे न बघताच विचारलं, "चेंडू का सोडलास?"

ती दचकली. "तुम्ही बघितलं?"

"चेकिंगला बसते मी. बोल."

"तुम्ही मला चिखलोलीवरून मनात धरलंय, हे मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "अक्षय मला म्हणाला होता, तो हेच मागणार. मी पण हेच मागणार होते. आजींनी तुमच्या दाराचं सांगितलं ना, तेव्हाच ठरवलं होतं. पण मी जिंकले असते आणि माझ्या तोंडून हे निघालं असतं, तर तुम्ही आयुष्यभर म्हणाला असता, आल्या आल्या मुलाला घराबाहेर काढलं."

मी म्हणणार होते, छे गं, मी तशी नाही. पण मी तशीच आहे. मी अख्ख्या कॅम्प तीनला सांगितलं असतं, भाजीवाल्यापासून रिक्षा स्टँडपर्यंत. आल्या आल्या दार मागते म्हणणाऱ्या चुलत सासूबाई मला आठवल्या आणि माझं मलाच हसू आलं.

"मग हरायचं होतं तर आजींकडे शिकलीस कशाला?"

"अगदीच वाईट हरायचं नव्हतं," ती म्हणाली.

त्या क्षणी मला ती पोरगी फार म्हणजे फार आवडली. मी तिच्या ताटात कोशिंबीर वाढली, गरजेपेक्षा जास्तच. "डोंगर खरंच दिसतो का गॅलरीतून?" मी विचारलं.

"पूर्ण नाही. मधे एक बिल्डिंग आहे. पण दिसतो. तुम्ही या ना, दाखवते."

"बघू," मी म्हटलं.

काही दिवसांनी ती दोघं गेली. सामान टेम्पोत भरताना सुरुचीनं विचारलं, "आई, गेम आम्ही नेऊ? तिथे संध्याकाळी खेळू." मी तो तिच्या हातातून काढून घेतला, कमरपट्ट्याचं बटण नीट लावलं आणि सासूबाईंच्या उशाशी ठेवला. म्हटलं, "तो इथंच राहणार. खेळायचं असेल तर यायचं." सासूबाईंनी पंख्याकडे बघत मान डोलवली.

टेम्पो गेला, मागून ती दोघं रिक्षानं गेली. दुपारची जेवणं झाली. खालच्या मशीन चालू होत्या. मी माझ्या खोलीत आले. रंगाचा वास अजून होता, नवी गादी होती, कपाटात माझ्या साड्या पुन्हा लागल्या होत्या. पडले तर कंबरेला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच रडू आलं.

हे मागून आले. दाराला हात लावून म्हणाले, "जरा झोप. कडी लावू?"

"नको. राहू दे उघडं."

"का? तुझंच दार आहे."

"अक्षय आला आणि हाक मारली तर ऐकू यायला नको?"

"अगं, तो चिखलोलीला गेला ना."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि कूस बदलली. ह्यांनी दार उघडंच ठेवलं.